उडीच्या जागची रेघ

बावीस वर्षं मी गणित शिकवतोय. तुकड्यांमध्ये बदलणाऱ्या फलनाचा आलेख फळ्यावर डोळे मिटून काढतो. संगणकावर मात्र दोन तुकड्यांमध्ये, जिथं आलेख उडी घेतो आणि मोकळी जागा हवी तिथंच, उभी रेघ यायची. तीन दिवस मी सॉफ्टवेअरच्या नावानं खडे फोडले.

शेवटी बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर केली. “संगणकाला आलेखाचे सगळे ठिपके एका दमात दिलेत ना? मग ते जोडणारच. मी दोन बाह्या सलग शिवल्या, तर मधे दोरा राहतोच. तो कापावा लागतो.”

ठिपक्यांच्या यादीत मधोमध ‘इथं आकडा नाही’ अशी नोंद घातली. रेघ गायब!

दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगितलं, “हा माझा शोध. तुकडा संपला की दोरा कापायचा.”

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, मॅडम शिवणकाम करतात का?”