कच्चं हाड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही — अगदी त्यांच्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही. आता थकले. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

माझी गंगू चार वर्षांची असताना उंबरावरून पडली. तेव्हा आम्ही जव्हारला. यजमान संस्थानच्या नाक्यावर कामाला. शेजारच्या पाड्यावरची लाडकी तिच्याच वयाची, दोघी दिवसभर त्या झाडावर. गंगूचा गुडघा खरचटला, आणि ती हसत उठली. घाबरले ती मी. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती पोर —

वैद्यांकडे नेलं. त्यांनी पाय चाचपला. "काही झालेलं नाही. खेळू द्या तिला."

आणि मी घरी येऊन काय सांगितलं? वैद्य म्हणाले, हिचं हाड कच्चं आहे. चढायचं नाही, उडी मारायची नाही. त्या दिवसापुरतंच सांगू, असं वाटलं होतं. पण पुढच्या वर्षी वैद्य वारले. मला खोटं पाडणारं कोणी उरलंच नाही.

यजमान बिचारे तिला खांद्यावरून बाजाराला नेत — आठ वर्षांच्या पोरीला!

लाडकीची आई एकदा म्हणाली, "बाई, पडू दे की पोरीला. पडल्याबिगर पायाला कसं कळंल?" मी दार लावून घेतलं.

लाडकी ओहोळातला दगड आधी अंगठ्यानं हलवून बघायची, मगच त्यावर भार टाकायची. कोणी शिकवलं तिला? दहादा पाण्यात पडली होती, एवढंच. गंगू काठावरच बसून राहायची. मग लाडकी तिला पाठीवर घ्यायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गंगूला खोडाळ्यात दिली. अजून उतार आला की तिला कोणाचा तरी हात लागतो. पाय धडधाकट आहेत तिचे. तिला ते ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिची तीन वर्षांची मुलगी शेताच्या बांधावर चढायला निघालेली. गंगूनं तिला ओढून मांडीत दाबून धरलं. पोर आकांतानं रडत होती. गंगूनं माझ्याकडे पाहिलं. "आई, माझ्यासारखं हिचंही हाड कच्चं असेल का गं?"

तोंडाशी आलं होतं माझ्या. केवढंसं काम — नुसतं 'नाही' म्हणायचं.

मी म्हटलं, "असेल. जप तिला."