लाल वायरवर ठेवलेलं बोट

भूत, भानामती, अंगात येणं... मी यातलं काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. नव्या मशीनला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची सगळ्यांत जास्त टिंगल मीच करतो. मीटर दाखवेल तेच खरं.

हे शिकवलं आण्णांनी, माझ्या वडिलांनी. तेही जन्मभर वायरमन. घरातला पंखा उतरवायचा असला तरी एकाने मेन स्विचपाशी थांबायचं, दुसऱ्याने "लाईन?" म्हणून ओरडायचं, आणि "बंद!" ऐकू आल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी आण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. सात महिने तळेगावच्या घरात आई एकटीच दोघांचं बोलत होती.

आकुर्डीच्या एका क्लिनिकमध्ये डोक्याला बाहेरूनच हलका करंट देतात असं कळलं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधायचे, वीस मिनिटं करंट सोडायचा आणि तेवढ्यात चित्रं दाखवून बोलतं करायचं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दहा वेळा करून बघू, फरक पडला नाही तर थांबू.

नऊ वेळा झालं. फरक शून्य.

दहाव्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळी मीही गेलो. मशीन चालू झालं, स्क्रीनवर दोन मिलिअँपिअर. आण्णा डोळे मिटून बसलेले. मॅडम छत्रीचं चित्र धरून विचारतायत, "आजोबा, हे काय?" – पण ते डोळेच उघडेनात. आईने तोंडाला पदर लावला. आणि काय झालं कुणास ठाऊक, सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, लाईन?"

"बंद."

खणखणीत! पूर्वीचाच आवाज.

"अहो... परत बोला की!" आई ओरडलीच.

"चालू आहे आजोबा," मॅडम स्क्रीन बघत म्हणाल्या.

"न्हाई. बंद हाय." डोळे मिटलेलेच. त्यांनी डावा हात उचलला, डोक्यावरून खाली आलेली लाल वायर चाचपली आणि स्पंजपासून वीतभर अंतरावर बोट ठेवलं. "हितं."

मला रडूच फुटलं. तशाच अवस्थेत त्या जागी पेनने खूण केली. वायर काढून बॅगेतला मीटर लावला... लाईन खरंच बंद! मॅडमनी ती वायर मलाच देऊन टाकली. घरी येऊन खुणेवर ब्लेडने सोलली. वरचं रबर नव्यासारखं, आतलं तांबं तुटून काळं पडलेलं.

मॅडम म्हणतात, वाचा आली तो आधीच्या नऊ वेळांचा परिणाम असेल. करंटच्या मुंग्या आल्या नाहीत म्हणून आण्णांना कळलं असेल, स्क्रीन बिघडली असेल. सगळं मान्य. पण नेमकी जागा? मिटल्या डोळ्यांनी?

आण्णा आता रोज चार-दोन शब्द बोलतात. परवा मी विचारलंच, "तुम्हाला कसं कळलं हो?" त्यांनी माझं बोट धरलं, टेबल फॅनच्या वायरवर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी डोळे मिटले. वीस वर्षं वायरिंगमध्ये काढली, पण मला काहीच कळेना.

"नाही कळत, आण्णा."

"कळंल," ते म्हणाले.