घरच्या माणसांकडून

माझा आजा बिसेसर फिजीत वुनिवाईची बस चालवायचा. बाजू उघड्या, पाऊस आला की ताडपत्री सोडायची, अशी ती बस. सकाळी आमच्या हिंदुस्तानी वस्तीतली माणसं आणि नदीपलीकडच्या फिजियन गावातल्या बायका, त्यांची दालोच्या कंदांची ओझी, कोंबड्या, दवाखान्याला निघालेले म्हातारे, असं सगळं लाबासा शहरात न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. गावातली दोन बाळं त्याच्या बसमध्येच जन्मली. फिजियन तर तो असा बोलायचा की अंधारात ऐकणाऱ्याला गावातलाच कुणी वाटावा.

इंग्रज गेले त्या ऑक्टोबरात शाळेच्या मैदानावर नवा झेंडा चढला. कुणी एक साहेब भाषणात म्हणाला, हा देश चटईसारखा आहे, सगळ्यांच्या पात्या एकमेकींत विणलेल्या, एक उपसली तर सगळी उसवेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. आजाने मात्र ते मनावर घेतलं. त्याच दुपारी तो रीतीची भेट म्हणून यांगोना झुडपाचं चांगलं जाड मूळ आणि वस्तीतली चार माणसं घेऊन नदीपलीकडे गेला. सरदाराच्या घरी दाराशी बसला, मूळ चटईवर ठेवलं आणि रीतीचे शब्द बोलला. शेवटी एक वाक्य पदरचं घातलं. हे तुमच्या घरच्या माणसांकडून.

घरभर हसू पसरलं. मूळ स्वीकारलं गेलं, मानाच्या टाळ्या पडल्या, कुटलेल्या मुळाचं पाणी करवंटीतून फिरलं.

मग ते दरवर्षीचंच झालं. सरदाराच्या वतीने बोलायचा मान आपेनिसाचा. तो आजाचा दोस्त. ऑक्टोबर आला की बसमध्येच आजाची चेष्टा सुरू करायचा, की यंदा मूळ बारीक आणलंस तर बाहेर पायरीवर बसवीन. आजाही सोडायचा नाही. म्हणायचा, तुझ्या बायकोच्या टोपलीचं भाडं बाकी आहे, आधी ते टाक. आजाच्या पदरच्या वाक्याला दरवर्षी तसंच हसू फुटायचं. घरी येऊन तो सांगायचा, बघा, किती खूश होतात.

आमचं घर त्या गावाच्या कुळाच्या, म्हणजे मूळ घराण्याच्या, जमिनीवर होतं. तीस वर्षांचा करार. लाकडापत्र्याचं ते घर आजाने स्वतः उभारलेलं, आणि अंगणात आजीने पुजलेल्या बांबूवर लाल झेंडी. आजी गेल्यावरही ती झेंडी तो दरवर्षी बदलायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी देशाला नवी घटना मिळाली, सगळे नागरिक समान असं तिच्यात आहे म्हणून बाबांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत करार संपला. कुळातली पोरं मोठी झाली होती, त्यांना जमीन हवी होती. तेही खोटं नव्हतं. शेजारी एकेक करून छपराचे पत्रे उतरवून ट्रकवर चढवायला लागले.

बाबा म्हणाले, राजधानीला, सुव्हाला चला. आजा ऐकेना. म्हणाला, शेत मागतोय कोण? घरापुरती जागा पुरे. मला इथंच मरायचंय, आणि ते नाही म्हणणार नाहीत.

मी तेव्हा सुव्हाला विजेच्या तारांचं काम शिकून नुकतीच नोकरीला लागले होते, रजेवर आले होते. मीच त्याला नदीपलीकडे नेलं. तो त्याच्या जागी बसला, दाराशी. मी त्याच्या मागे. एवढं मोठं मूळ त्याने कधीच नेलं नव्हतं. तो बोलला, शेवटी आपलं वाक्यही बोलला. या वेळी कुणी हसलं नाही.

आपेनिसाने मुळाला हात लावला, मान देऊन स्वीकारलं. टाळ्या पडल्या. आजाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. मग त्याने घराचं मागणं मांडलं.

सरदाराने आपेनिसाकडे पाहिलं. आपेनिसाने चटईकडे.

"बिसे, जमीन पोरांना वाटून झालीय," तो म्हणाला. "तुझं घर आहे तो तुकडासुद्धा."

"मग मूळ कशाला घेतलंस?"

"पाहुण्याचं मूळ परत करत नाहीत."

"पाहुणा? आपे, इतकी वर्षं मी—"

"मी माझ्या भावाच्या घरी जाताना मूळ नेतो का रे?" आपेनिसा हळू आवाजात म्हणाला. "घरचा माणूस सरळ आत येतो. खायला काय आहे विचारतो."

"पहिल्याच वर्षी सांगायचं होतंस, लेका," आजा म्हणाला.

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. थट्टा करतोयस. आमची भाषा तू आमच्याहून चांगली बोलतोस." त्याचे डोळे भरले होते. "आणि तू इतक्या हौसेने आणायचास."

करवंटी आजासमोर आली. तो प्यायला. रीत होती ना. परतताना बसमध्ये त्याने मला एकच विचारलं, की तिथं वरच्या बाजूला, सरदाराच्या जवळ, चटई कशी असते, तू पाहिलीस का? मी म्हटलं, दाराशी होती तशीच असेल. तो म्हणाला, मी कधी गेलोच नाही तिकडे.

आम्ही घर उतरवलं. निरोपाचंही मूळ द्यायचं असतं. आपेनिसा सकाळपासून फाट्यावर उभा होता, पण आजा रिकाम्या हाताने ट्रकमध्ये चढला आणि काच वर केली.

सुव्हाबाहेर खाजणाकाठी, जुन्याच पत्र्यांची एक खोली उभी राहिली. ती जमीनही एका कुळाची. राहायचं तर त्यांच्याकडे मूळ न्यावं लागतं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. बाबांना भाषा जमत नव्हती. आजाने बाजारातून मूळ आणवलं, स्वतः बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"आजा, तुम्ही चला ना. मला शब्द येत नाहीत."

"शिकवतो. दाराशीच बस, पोरी. कुणी बोलावलं तरी वर सरकू नकोस."

त्याने शब्द शिकवले, एकेक, मला पाठ होईपर्यंत. त्याचं ते वाक्य त्यांत नव्हतं.