घासलेला नंबर

रिव्हॉल्वरवरचा नंबर मी घासला. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातानं, माझ्याच घरात. आणि ठाण्यात विचारलं तेव्हा तो दोष मी दुसऱ्या माणसावर जाऊ दिला. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणाला मी बरा माणूस वाटू नये.

मी मेडशीचा. सोयाबीन-तूर करतो, मालेगावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. शस्त्राचा परवाना घरात वडिलांपासूनचा. माझ्या नावावर झाल्यावर मी पहिलं रिव्हॉल्वर घेतलं ते नवंकोरं होतं, सरकारी कारखान्यातलं. पेटी, तेलकट कागद, छापील पुस्तिका, सगळं होतं. वस्तू चांगली होती. पण दोन वर्षं ते कपाटात पडून होतं आणि एकदाही ते काढून बघावंसं मला वाटलं नाही.

मग त्याची स्प्रिंग बिघडली म्हणून ते रिसोडला नेलं. तिथे धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. आसपासच्या तालुक्यांतल्या बंदुका दुरुस्त करायचा परवाना त्यांच्याकडे होता. बँकेच्या रखवालदारांच्या, रानडुकरं हाकलायला शेतकऱ्यांनी घेतलेल्या. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. सत्तरीला आलेले, जाड चष्मा, आणि बोटांच्या टोकांना कायम काळं तेल.

माझं रिव्हॉल्वर त्यांनी दहा मिनिटांत बाजूला ठेवलं. "कारखान्यातून पार्ट येईन, मी बसवून देईन," म्हणाले. "यात माहं काय काम, सांगा बरं?"

त्यांच्यासमोर फडक्यावर दुसरं एक रिव्हॉल्वर पडलं होतं. विलायती, बत्तीस बोअरचं, अकोल्याकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं. चाचांनी ते मधून उघडून रिकामं असल्याचं मला दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. नळीचा काळा रंग तोंडाशी उडून राखाडी झाला होता. मुठीच्या लाकडावरची नक्षी एकाच बाजूला गुळगुळीत झाली होती, जिथे कुणाचा तरी तळवा वर्षानुवर्षं टेकला असणार. घोड्यावर अंगठा ठेवला तर तिथे आधीपासून अंगठ्याची जागा होती.

"हे एका मानसानं बसून कानशीनं बनवलं," चाचा म्हणाले. "याचा घोडा दुसऱ्याले बसत नाही. जोडीचं दुसरं आनलं तरी नाही. नव्याचं काय, ते आजून कोनाचंच नसते."

त्या दिवसापासून नाद लागला. डॉक्टरांच्या मुलांना ते नको होतं. रीतसर परवानगी काढून मी ते घेतलं, आणि तीन वर्षांनी आणखी एक जुनं. त्यांतून एकही गोळी मी कधी झाडली नाही. रविवारी दुपारी टेबलावर जुनं धोतर पसरून मी ती पुसत बसे. बायको म्हणायची, "सोयाबीनले इल्ल्या लागल्या अन् तुमी लोखंडाले तेल लावून राह्यले." मला हसू यायचं. दुकानात दिवसभर नवं खोकं, नवी पिशवी, गेल्या वर्षीचं यंदा चालत नाही. त्या लोखंडात काहीतरी थांबलेलं होतं. आपल्याआधी कुणीतरी हे सांभाळलं, आपण काही वर्षं सांभाळायचं, मग पुढच्याकडे द्यायचं, एवढंच. मला ते पुरेसं होतं.

एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असा कायदा आला तेव्हा ओळखीच्या लोकांनी जुनी जमा केली आणि नवी ठेवली. मी उलट केलं. नवं जमा करून दोन जुनी ठेवली. चाचांना सांगितलं तर त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा मागवला.

चूक झाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

माझे साडू वाशीमला असतात. त्यांनी त्या वर्षी नवं पिस्तूल घेतलं होतं. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते आणि सोनं द्यायला ते सहकुटुंब येतात. आधीच्या वर्षी पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवलेलं डॉक्टरांकडचं ते रिव्हॉल्वर बघून ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काहो, हे भंगारवाल्याकडून आनलं का? पूजेले ठेवलं म्हनून बरं, नाही तं मी किलोनं मोजलं असतं." लोक हसले होते. मीही हसलो होतो. पण ते वाक्य वर्षभर मनात राहिलं.

म्हणून यंदा मी ते चमकवायचं ठरवलं. दोनच आठवड्यांपूर्वी चाचांनी त्याची स्प्रिंग बदलून दिली होती. देताना म्हणाले होते, "फक्त तेल अन् फडकं. याच्या रंगाले हात लावू नका. तोच तं याचा जीव आहे." मी हो म्हणालो होतो. तरी शेतातल्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी घेतलेलं पॉलिशचं चाक काढलं आणि बसलो. राखाडी गेलं, काळं गेलं, खालून पांढरं लोखंड निघालं. थांबायला हवं होतं, पण प्रत्येक डाग निघाला की शेजारचा जास्त दिसायचा. तासाभरानं ते स्टीलच्या तांब्यासारखं झालं. ज्याच्यासाठी मी ते घेतलं होतं ते सगळं मी पुसून टाकलं होतं. सांगाड्यावर कोरलेला नंबर अर्धा गेलाय हे तर माझ्या लक्षातही आलं नाही.

दसऱ्याला साडू म्हणाले, "आता कसं, नव्यासारखं दिसून राह्यलं!" मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

चारच दिवसांत निवडणूक लागली आणि हत्यारं ठाण्यात जमा करायचा आदेश आला. दर निवडणुकीला येतो. जमादार परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर ताडून पावती देतात. माझ्यापाशी येऊन ते थांबले. रिव्हॉल्वर खिडकीकडे नेलं, भिंग मागवलं.

"याचे शेवटचे आकडे कुठी गेले?"

मी वाकून बघितलं. आकड्यांच्या जागी नुसतं चकचकीत लोखंड होतं. हत्यारावरचा नंबर घालवणं हा गुन्हा आहे, हे परवानाधारकाला पहिल्याच दिवशी कळतं.

"काय केलं याले?"

"दुरुस्तीला दिलं होतं," मी म्हणालो. "रिसोडच्या मिस्त्रींकडे. मागच्याच महिन्यात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. जमादारांनी ते लिहून घेतलं आणि बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवलं. मी पावती घेतली आणि मोटारसायकलवर घरी आलो. वाटेत दोनदा थांबलो, पण मागे वळलो नाही.

पंधरा दिवसांत चाचांचं दुकान चौकशी पुरी होईपर्यंत बंद झालं. निवडणूक झाली, सगळ्यांची हत्यारं परत मिळाली. माझी दोन्ही ठाण्यात राहिली, पण मला कुणी फार विचारलं नाही. मी रिसोडला जाणं सोडलं. बाजारातून बातम्या कानावर यायच्या. चाचा घरी शिलाई मशिनी दुरुस्त करतात. चाचांना दिसत नाही, तरी हट्टानं काम घ्यायचे, म्हणून हे झालं. शेवटचं ज्यानं सांगितलं त्याला मी काहीच बोललो नाही.

फाल्गुनात एका सकाळी चाचा माझ्या दुकानात आले. एसटीनं आले होते, एकटे. मला वाटलं आता सगळ्यांदेखत शिव्या देतील. मी खुर्ची पुढे केली. ते बसले, चष्मा काढून पुसला.

"भाऊ, तुमाले एक इचारतो. मी चार महिने याद करून राह्यलो. तुमचं हत्यार मी फक्त खोललं, स्प्रिंग टाकली, बंद केलं. पन घरचे म्हनतात तुमाले दिसत नाही, तुमाले याद राहत नाही. माह्या हातून घासलं गेलं असंन का? तुमी घरी नेलं तवा नंबर होता का?"

ते आरोप करत नव्हते. पन्नास वर्षं ज्या हातांवर पोट भरलं त्या हातांबद्दल ते मला विचारत होते, कारण उत्तर फक्त माझ्याकडे होतं.

आणि मी म्हणालो, "मी नीट पाह्यलं नाही, चाचा. होऊ शकते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हो. वय झालं," म्हणाले आणि उठले. चहाला थांबले नाहीत.

ठाण्यातलं वाक्य भीतीनं निघालं असं मी स्वतःला सांगू शकत होतो. या वाक्याला ती सबब नव्हती. त्यानंतर मला जेवण जाईना. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले कायले सांगता? मी का त्याईचं दुकान उघडून देऊ?"

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी लेखी जबाब दिला. जमादारांनी तो वाचला. "पाच महिने झोपले होते का?" म्हणाले. माझ्यावर कारवाई होईल, परवाना बहुतेक जाईल आणि दोन्ही रिव्हॉल्वरंही. ते म्हणाले त्यात चुकीचं काही नव्हतं. चाचांच्या दुकानाचं विचारलं तर म्हणाले, कागद वर जातील, वेळ लागेल.

तिथून तसाच रिसोडला गेलो. चाचा ओसरीवर शिलाई मशीन उघडून बसले होते. मी खाली बसलो आणि सांगितलं. दसरा, साडू, पॉलिशचं चाक, ठाणं, आणि शेवटी दुकानातलं ते 'होऊ शकते'. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"म्हंजे माहा हात चुकला नाही," ते म्हणाले.

"नाही, चाचा."

"अन् मी इचाराले आलो, तवा तुमाले मालूम होतं."

"मालूम होतं."

त्यांनी हातातला स्क्रू डबीत टाकला, डबी बंद केली आणि पायात चपला सरकवल्या. "मले सांगून काय उपेग? मी तं माह्या मनाले समजावून घेतलं होतं. जिथं लोक मले आंधळा म्हनतात तिथं चाला."

धान्यबाजाराच्या तोंडाशी चहाचं हॉटेल आहे. अडते, हमाल, व्यापारी, सगळे तिथे बसतात. दुपारची वेळ होती, दहा-पंधरा माणसं होती, बहुतेक चाचांना ओळखणारी, काही मलाही. चाचा बाकावर बसले नाहीत. दाराशी उभे राहिले आणि माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "बोला."

मी दोनदा खाकरलो. कुणीतरी "पानी द्या त्याईले" म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मग मी बोललो. माझ्या रिव्हॉल्वरचा नंबर चाचांनी नाही, मी घासला, शोभेपायी, माझ्या घरी. चाचांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ठाण्यात मी त्यांचं नाव पुढे केलं, आणि ते स्वतः विचारायला आले तेव्हा त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यांच्या डोळ्यांत, त्यांच्या हातात काही खोट नाही. हॉटेलातलं हसणं थांबलं होतं. मी चाचांकडे वळलो आणि हात जोडले.

"चाचा, मी तुमचं काम बुडवलं अन् तुमाले तुमच्याच हातावर शक घ्याले लावला. माही चूक झाली. मले माफ करा."