चार नंबरच्या मशिनीची फट

मी शाळा शिकलो दोन यत्ता, त्यापण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, आन् बाप म्हणाला आता नव्यानं बाराखडी कशाला गिरवतो, चल कामाला. मराठी अक्षरं मी कापसाच्या गाठींवरचे शिक्के बघून शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या शुद्धलेखनावर कुणी बोट ठेवायला नको. बाकी मशिनीचं म्हणाल तर मानवतच्या बाजारात माझ्या तोडीचा जिनिंग फिटर दुसरा न्हवता. शेठ म्हणायचे तसं, आन् मी पण म्हणतो.

जिनिंगात कापसातली सरकी वेगळी पडते आन् रुई वेगळी निघते. मशिनीत दोन सुऱ्या असतात, एक ठाम बसलेली, दुसरी तिच्यासमोर वरखाली हलणारी. दोघींच्या मधी फट ठेवायची असते, अगदी बारीक. फट मोठी झाली तर सरकी फुटून रुईत जाते, माल बाद होतो. फट जास्तच बारीक झाली तर सुरीला सुरी घासते आन् ठिणगी पडते. मशिनीपुढं बाई बसलेली, तिच्या मांडीला लागून कापूस, पाठीमागं रुईचा ढीग. ठिणगी पडल्यावर काय होतं ते मी तरणा असताना दुसऱ्या एका जिनिंगात बघितलं होतं. माणसं दार शोधत होती आन् दारातच कापूस होता. ते मला अजून दिसतं.

ती फट लावायचं काम माझं. चोवीस मशिनी, रोज सकाळी. आमच्या बौद्ध वस्तीतून हमालीला लय माणसं होती, पण मशिनीला पाना लावणारा मी एकटा. मला सगळे, वरच्या गल्लीतले सुद्धा, उस्ताद म्हणायचे. त्या एका शब्दासाठी मी वीस वर्षं उपाशी राहिलो असतो.

आन् मग एका हंगामात माझी नजर गेली.

एकदम नाही. दिव्याभोवती आधी धुकं दिसायला लागलं. मग सुऱ्यांची धार दिसेना, मग फटच दिसेना. मी अंगठ्यानं चाचपून फट लावायला लागलो. अंगठा कापायचा, त्याला चिंधी गुंडाळायचो, कुणी विचारलं तर म्हणायचो पाना निसटला. बायकोला तेवढं ठाऊक होतं. ती म्हणायची शेठला सांगा, शहाणपणा करा. मी तिला म्हणालो, तू भाकरी नीट कर.

मला नोकरीची भीती होती, ती तर होतीच. पण खरी भीती वेगळी होती. ती नामांतराची सालं होती. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत काय झालं ते आमी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या मेव्हण्याचं घर जळालं होतं. त्यानंतर वरवर सगळं निवलं, माणसं एकमेकांना रामराम, जयभीम घालायला लागली, पण बोलताना नजर दुसरीकडं ठेवायची. अशात माझ्या हातानं लावलेल्या फटीतून ठिणगी पडली आन् जिनिंग पेटलं, तर कोण म्हणणार होतं की बिचाऱ्याला दिसत न्हवतं? म्हणणार की मुद्दाम केलं. आग लागली कशी हे विचारायच्या आधी ती कुणाच्या घरांना लावायची ते ठरलं असतं. रोज सकाळी मशिनी सुरू व्हायच्या तेव्हा मी दाराशी उभा राहून चोवीस मशिनींचा आवाज ऐकायचो. चोविसावी सुरू होईपर्यंत माझ्या पाठीवरून घाम उतरायचा.

अशात नवा मॅनेजर आला. तरणा, पुण्याकडं कसलंतरी ट्रेनिंग घेतलेला. त्यानं फर्मान काढलं, सगळ्या कंपनीचा मेळावा करायचा, शेठपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत. भाषणं नाहीत. चिठ्ठ्या काढून पाच-पाच जणांच्या चार टोळ्या निवडायच्या, बाकीचे बघायला. एका दिवशी टोळीनं एका कामाशेजारी बसून ते काम नुसतं बघायचं, त्या माणसाला कुठं अडतं, काय दुखतं ते विचारायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर इलाज म्हणून पुठ्ठा, पत्रा, सुतळी, जे हाताला येईल त्याचं काहीतरी बनवून सगळ्यांपुढं दाखवायचं. साहेबानं त्याला इंग्रजी नाव दिलं होतं. हमालांनी त्याचं डोकंलढवी केलं.

आन् बंदोबस्त माझ्यावर टाकला. भंगारखोली माझ्या ताब्यात, माणसं माझं ऐकतात, म्हणून. मी मांडव घातला, चटया आणल्या, चहाला मोठं पातेलं आणलं. टोळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या तर आमच्या वस्तीतली माणसं आन् वरच्या गल्लीतली माणसं एका चटईवर आली. कुजबुज झाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझा जीव दुसरीकडंच टांगलेला होता.

कारण बघायची कामं पण चिठ्ठीनंच निघणार होती. कारकुनानं आठ कामांच्या आठ चिठ्ठ्या लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकल्या, त्यातल्या चार काढायच्या. माझ्याशेजारी पाच माणसं दिवसभर बसली तर काय होणार, हे मला सांगायला नको होतं. कारकून चहाला गेला तेव्हा मी डबा उघडला. खोलीत अंधार, चिठ्ठ्या बोटाएवढ्या, अक्षर मुंगीचं. फिटर हा आखूड शब्द, एवढं मला ठाऊक. आखूड शब्दाची चिठ्ठी चाचपडत हुडकली, डोळ्याला भिडवली, तीच वाटली. खिशात घातली. तेवढ्यात कारकून आला.

म्हणाला, "उस्ताद, डब्यात बिस्किटं न्हाईत."

मी हसलो. आयुष्यात तेवढं खोटं मी कधी हसलो नसेन.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्यांपुढं चिठ्ठ्या काढल्या. पहिली वजनकाट्याची निघाली, दुसरी झाडणारीची. तिसरी उघडून साहेब म्हणाला, फिटर. खिशातली चिठ्ठी मी शेजारच्या माणसाकडून वाचून घेतली. त्याच्यावर हमाल लिहिलं होतं. ज्या नजरेला झाकायला मी चोरी केली, तिनंच मला उघडं पाडलं. हमालांचं काम कुणी बघितलं नाही, ते पाप पण माझंच.

माझ्या वाट्याला आलेल्या टोळीत गाठी दाबायच्या प्रेसवरचे तीन हमाल, तोच कारकून, आन् चार नंबरच्या मशिनीवर कापूस लावणारी आक्का. आक्का पोखर्णीच्या बाजूची, एस.टी.नं यायची. कुळवाड्याची विधवा, दोन एकर कोरडवाहू, तोंडानं फटकळ. दोन महिन्यांपासून ती माझ्यामागं लागली होती. मी फट लावून पुढं सरकलो की हाक यायची, उस्ताद, जरा तंग वाटायलीय. मी तिला शिव्या घालायचो, तुला काय कळतंय म्हणायचो, आन् परत येऊन फट ढिली करायचो. का करायचो? कारण मला खात्री नसायची.

ती पाच माणसं माझ्याभोवती बसली. हमाल आपसात बोलत होते, कारकून वही घेऊन. मी अंगठा पुढं करायच्या ऐवजी पाना पुढं करून दाखवत होतो, मान वाकडी करून, डोळा बारीक करून, जणू सगळं दिसतंय. कारकुनानं विचारलं, फट बरोबर झाली हे कशावरून कळतं. मी म्हणालो, नजरेनं. त्यानं वहीत लिहून घेतलं. आक्का वहीकडं बघत न्हवती. माझ्या अंगठ्याच्या चिंधीकडं बघत होती. एक शब्द बोलली नाही, आन् ती बोलत नाही म्हणूनच मला जास्त भ्या वाटलं. दिवस संपल्यावर ती माझ्याकडं पत्रा कापायची कात्री मागायला आली. मी दिली. कशाला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

दाखवायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारख्या फटी लावल्या. दाखवणं झाल्यावर मशिनी चालू करायच्या असं ठरलं होतं. आक्का मांडवात होती, त्यामुळं तंग वाटायलीय म्हणायला कुणी न्हवतं. मला तेव्हा बरंच वाटलं.

मांडवात आधी बाकीच्या टोळ्या झाल्या. झाडणाऱ्या बाईसाठी एका टोळीनं नाकातोंडावर बांधायचा पदरासारखा कपडा केला होता, तो बांधून एक मिशीवाला उभा राहिला तर सगळा मांडव हसला. शेठ पण हसले. मग आमची टोळी उठली. कारकून पुढं होणार असं वाटलं, पण आक्काच पुढं आली. तिच्या हातात पत्र्याची एक पट्टी होती, बोटभर रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, भोकात सुतळी ओवलेली.

तिनं सांगितलं ते एवढंच, की ही पट्टी दोन सुऱ्यांच्या मधून फिरवायची. सहज गेली तर फट बरोबर. अडली तर तंग. खडखडली तर ढिली. मशिनीगणिक एक टांगून ठेवायची.

कारकून तिच्याच टोळीतला, पण त्याला राहवलं नाही. "नजरेनं व्हतंय म्हणलेत की उस्ताद. मग ही कशाला?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

"लाइट जाती की रोज," ती म्हणाली. "अंधारात उस्तादाला बी दिसत न्हाई, मला बी न्हाई, अन् तुमाला तर उजेडात बी दिसत न्हाई."

मांडव हसला. मी वाचलो असं वाटलं. पण साहेबाला ती पट्टी लय आवडली. तो म्हणाला, चला, आत्ताच लावून बघू, उस्तादांनी सकाळीच फटी लावल्यात. सगळा लोंढा उठून चार नंबरच्या मशिनीपाशी गेला. शेठ पुढं. आक्कानं पट्टी घातली. अर्ध्यात अडली. तिनं काढली, पुसली, पुन्हा घातली. अडली. जोर लावला तर वाकली.

कुणीतरी मागून म्हणालं, "आन् ही आत्ता चालू करणार व्हते?"

मग कुणी काही बोलेना. मला सगळ्यांचे पाय तेवढे दिसत होते, चपला, वहाणा, अनवाणी. पण मान वळवून कोण आमच्या वस्तीतल्या हमालांकडं बघायला लागलं, ते मला न दिसता पण कळलं. ती शांतता मी मेव्हण्याच्या गावात एकदा ऐकली होती, आगीच्या आदल्या दिवशी. गप्प बसलो असतो तर लाइटीवर, पान्यावर, कशावर पण ढकलता आलं असतं. पण मग तो संशय माझ्यावर न राहता वस्तीवर गेला असता. आन् दुसरं सांगतो, खोटं नाही बोलणार. एका बाईच्या पदराआड उभं राहणं पण मला सोसेना.

मी म्हणालो, "लाइट असली तरी मला दिसत न्हाई. दोन महिने झाले. अंगठ्यानं लावतो."

चिंधी सोडून अंगठा दाखवला.

कारकून हळूच म्हणाला, "म्हणजे दोन महिने आमी देवाच्या भरवशावर व्हतो."

"देवाच्या न्हाई," आक्का म्हणाली. "माझ्या तिकिटाच्या."

तिनं कनवटीची पिशवी सोडली आन् एस.टी.ची जुनी तिकिटं काढली, घड्या घालून जाड केलेली. मी फट लावून पुढं गेलो की ती तिकीट घालून बघायची. आधी स्वतःच्या मशिनीत, मग बायांना शिकवून सगळ्या मशिनींत. धा-बारा खेपा तंग निघाली, हे तिनं तिथंच सगळ्यांपुढं शेठला सांगितलं. प्रत्येक खेपेला हाक मारली, उस्तादानं शिव्या दिल्या आन् ढिली केली. मुद्दाम करणारा माणूस ढिली करायला माघारी येत नसतो, हे तिनं स्वतःहून जोडलं. ते ‘मुद्दाम’ सगळ्यांच्या मनात होतं, तोंडात कुणाच्याच आलं न्हवतं. तिनं ते उजेडात आणून ठेवलं.

साहेबानं विचारलं, मग आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, "ह्या सालात कुणाचं नाव कशात घ्यावं, ते बी कळाय पायजे, साहेब."

शेठनं पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. मग म्हणाले, मशिनी चालू करायच्या आहेत, कापूस पडून आहे. उस्ताद, तुम्ही पान्याला हात लावायचा नाही. बाई लावेल, तुम्ही सांगा.

पाना आक्काच्या हातात गेला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, वीस वर्षांत पहिल्यांदा. अर्धा फेरा, म्हणालो मी. आता पाव. बोल्ट एकदम आवळू नको, समोरचा आधी. तिनं पट्टी घातली, सुळकन गेली. पट्टा चढला, मशीन फिरायला लागली. मी तळहात मशिनीच्या अंगावर ठेवून बसलो, कान सुऱ्यांकडं. घासल्याचा आवाज येतो का, आता येतो का. 

आक्का कापूस लावत म्हणाली, "श्वास सोडा आता, उस्ताद. मी बी हितंच बसलेय."

उरलेला हंगाम मी गेटवर बसून माणसांच्या बिड्या-काड्या काढून घेतल्या. पुढच्या वर्षी परभणीला डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढला, जाड भिंगाचा चष्मा आला. परत गेलो तेव्हा चोवीस मशिनींना चोवीस पट्ट्या टांगलेल्या होत्या आन् फट लावायला कुणाची गरज उरली न्हवती. बाया आपल्या आपण लावायच्या. मला पट्टे आन् रोलरचं काम दिलं. उस्ताद म्हणायचे अजून, पण सवयीनं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. आजपण वाटतं. पट्टीनं लावलेल्या फटीपेक्षा माझ्या नजरेची फट सरस होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण तिथं काम केलं तेवढी वर्षं, सकाळी मशिनी सुरू होताना मी दाराशी उभा राहायचो, आन् आक्काच्या चार नंबरच्या आवाजापर्यंत आलो की पुढचं ऐकायचं सोडून द्यायचो.