मोजे घालून चालणाऱ्या सिस्टर

मोठ्या सिस्टर नवजात बाळांच्या कक्षात चपला घालत नसत. जाड लोकरी मोजे घालून चालायच्या. आवाजही तसाच, शेजारी उभं असलं तरच ऐकू येणारा. तीस वर्षं शहरात नोकरी झाली तरी बोलणं मात्र त्यांच्या गावचं, पिशोरचंच राहिलेलं. कुणी मोठ्यानं बोललं की म्हणायच्या, "नवे कान हायेत त्यांचे, जपून बोला."

माझी मुलगी दोन दिवसांची असताना आम्हाला त्यांच्या कक्षात हलवलं. ती कर्कश रडायची, हातपाय थरथरायचे, दूध ओढता ओढता अंग ताठ करायची. तपासण्यांत काही निघेना. मला मात्र शंका होती. चितेगावच्या कंपनीत जाताना झालेल्या अपघातात माझी पाठ दुखावली होती. त्यावर दिलेल्या दुखण्याच्या कडक गोळ्या पुढे सुटेनात. दिवस राहिल्यावरही जुनी चिठ्ठी दाखवून आणत राहिले, डॉक्टरांपासून लपवत राहिले.

सिस्टरांनी सासूबाईंना चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि स्टूल माझ्याजवळ घेतलं. "पोटुशी असताना कोणत्या गोळ्या घेत व्हतीस? रागवायला नाय विचारत. लेकराला बरं करायचंय."

मी पर्समधली रिकामी स्ट्रिप काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "बरं केलंस दाखवलीस. लेकराच्या अंगाला हिची सवय लागलीय. ती सुटतीय, म्हणून तरास हाय."

"सुटेल ना?"

"सुटंल. वेळ लागंल."

जे ऐकायची मी कितीतरी महिने मनात तयारी केली होती, त्यातलं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी बाळाला थेंबांचं औषध सुरू केलं, पुढे रोज थोडं कमी करायचं ठरवून. माझ्याही गोळ्या एकदम न थांबवता त्यांच्या देखरेखीखाली उतरवायच्या ठरल्या. बाकीचं सिस्टरांच्या हातात. उजेड मंद, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ, थोडं थोडं दूध, आणि तासन्‌तास माझ्या उघड्या छातीवर. त्यांच्याकडे एक तक्ता असे. रडणं, थरथर, शिंका, सगळं त्यात. जांभयासुद्धा मोजायच्या. मला आधी ते विचित्र वाटलं, मग मीच मोजायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळते. सिस्टर म्हणाल्या, "घरी गेल्यावर ओवाळा, मावशी. इथं मला तुमचे हात पाहिजेत." आणि त्यांना बाळ कसं धरायचं, झुलवताना सावकाश वर-खाली कसं करायचं, ते दाखवलं. सासूबाईंना ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

"घरी सांगाल का?" मी एकदा घाबरत विचारलं.

"डॉक्टरांना सांगणं माझं काम. घरी तू सांग. पण सांग बरं का. पुन्हा गोळी घ्यावी वाटली, तर घरात कुणाला तरी ठाऊक पाहिजे."

अकराव्या दिवशी मुलगी दूध पिऊन सलग तीन तास झोपली. सिस्टर तक्ता घेऊन आल्या, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, आणि पेन खिशात ठेवून म्हणाल्या, "आज मोजायला काय ठेवलंच नाय हिनं." मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

थेंब पूर्ण बंद झाल्यावर आम्हाला घरी सोडलं. सिस्टर त्याच महिन्यात निवृत्त होऊन पिशोरला जाणार होत्या. निघताना त्यांनी आपला नंबर माझ्या फाइलवर लिहून दिला.

घरी सांगायला मला आठवडा लागला. नवरा खाली मान घालून ऐकत राहिला. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "अन् एवढे दिवस एकटीच सोसत बसलीस?"

मी पिशोरला फोन लावला. सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "चला. आता तुलाबी झोप लागंल."

त्या दिवशी दुपारी मी मुलीशेजारी आडवी झाले, ती संध्याकाळीच उठले.