सामाईक पिठाचा डबा

कॉलेजच्या प्राचार्यांना विद्यार्थ्यांची यादी आडनावांच्या क्रमाने हवी होती. ती मी दिली. आणि त्याच फटक्यात हातकणंगल्याकडची ऊसतोडही आडनावांच्या क्रमाने लावून टाकली.

हे घडलं आमच्या बाईंच्या राज्यात; मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहायचो. गणिताची मास्तरकी सोडून बाईंनी ऐंशीच्या दशकात राजारामपुरीत कॉम्प्युटरचं ऑफिस थाटलं होतं. गिऱ्हाइकं तीन: कॉलेज, दूध संघ आणि साखर कारखाना. तिघांचे प्रोग्रॅम वेगवेगळे ठेवू, असं मी शहाणपणानं सुचवलं. बाई म्हणाल्या, "सुना तीन असल्या तरी पिठाचा डबा एकच. तीन डबे केलास की तिन्हींत पोरकिडे." म्हणून सगळं एकाच डिस्कवर. क्रम लावणं, तारखा मोजणं, असली तिघांना लागणारी कामं 'सामाईक' कप्प्यात.

सामाईकाला हात लावला की तिन्ही घरची कामं चालवून बघायची, मगच चप्पल पायात घालायची, हा नियम. बाई दारात उभ्या राहून विचारत, "तिघींची जेवणं झाली?"

कॉलेजच्या यादीसाठी मी सामाईकातला क्रम बदलला, त्या संध्याकाळी म्हणालो, "झाली की!" जेवली होती एकटी कॉलेजची.

कारखान्याची तोड लागणीच्या तारखेनं चालते: ज्याचा ऊस आधी लावला, त्याचा आधी तुटतो. माझ्या कृपेनं त्या आठवड्यात ती इंग्रजी मुळाक्षरांनी चालली. आडसूळ पहिले, यादव तळाला. यादव थेट ऑफिसातच आले.

"बाई, माझ्या उसाला तुरं आल्यात, वजन उतराय लागलंय, आन् टोळी आडसुळाच्या कवळ्या उसात कोयतं घिऊन हुबी! कुणाचं डोस्कं हे?"

"ह्याचं," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "एरवी वापरत नाही तो."

पुढे ओरडल्या नाहीत. क्रम सुधारला, तिन्ही कामं माझ्यासमोर चालवली, नवा कागद छापला आणि मला स्कूटरच्या मागं बसवून आधी कारखाना, मग यादवांचं शेत गाठलं. यादवांच्या फडात टोळी उतरेपर्यंत मी बांधावर उभा. बसायची परवानगी नव्हती.

काही वर्षांनी बाई लेकीकडे नाशिकला निघाल्या. निरोपाला यादव गुळाची ढेप घेऊन आले होते. बाईंनी मशीनच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जेवणं विसरू नकोस," एवढंच म्हणाल्या. मी वारसदाराला शोभेल असा गंभीर चेहरा केला.

यादवांनी माझ्याकडे बघितलं, मग किल्लीकडे.

"बाई, दोन दिस थांबा की. मी तेवढं आडनाव बदलून घेतो."